जुन्या चर्चमधला ‘मार्बल’ खरंच मार्बल आहे का? नवख्यांसाठी दगड ओळखायची रीत

घरी कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून रात्रभर तसाच राहिला की सकाळी तिथे पांढरट, निस्तेज डाग दिसतो आणि कितीही घासलं तरी जात नाही. कडप्पा हा लाइमस्टोन, म्हणजे चुनखडक. शहाबादी फरशी पण लाइमस्टोन, कोटा पण लाइमस्टोन. आणि देवघरातला पांढरा मकराना, तो मार्बल, संगमरवर. त्याच्यावर लिंबू सांडलं तरी तसाच डाग पडतो, कारण दोन्ही दगड मुळात एकाच गोष्टीचे आहेत, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे हे दोन्ही दगड आपल्या पायाखाली आणि हाताखाली लहानपणापासून आहेत, फक्त आपण कधी त्या नजरेने बघितलेलं नसतं.

मी इकडे इंग्लंडला आल्यावर पहिल्यांदा सॉल्झबरीचं कॅथेड्रल बघायला गेले तेव्हा सगळे सांगत होते की आतले काळसर बारीक खांब ‘पर्बेक मार्बल’चे आहेत, आणि मी डोळ्यासमोर मकराना ठेवून त्या खांबांमध्ये ती चमक शोधत बसले. सापडली नाही. जवळ जाऊन बघितलं तर खांबभर बारीक बारीक शंख! गोगलगाईचे शंख, हजारोंनी, कापलेल्या चकलीसारखे दिसणारे. त्या दिवसापासून मला या विषयाचं वेडच लागलं, आणि नंतर जे जे मित्रमैत्रिणी फिरायला आले त्यांना मी हेच दाखवत राहिले, तर आता एकदा नीट लिहूनच काढते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

जिऑलॉजीवाल्यांसाठी मार्बल म्हणजे असा लाइमस्टोन जो जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा नव्याने घडलाय. त्यातले शिंपले, शंख, थर सगळं पुसलं जातं आणि कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच स्फटिकांचे, दाणे एकमेकांत घट्ट अडकून बसतात, साखरेच्या वडीसारखे. पण दगड कापणाऱ्या कारागिरांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी मार्बल म्हणजे ज्याला पॉलिश चढतं तो दगड, बस. हा अर्थ काही चुकीचा नाही, उलट जुना आहे, ग्रीकमधला मूळ शब्दच चकाकण्याशी जोडलेला आहे. त्यामुळे चर्चच्या माहितीपत्रकात ‘मार्बल’ लिहिलेलं असतं तेव्हा ते खोटं बोलत नसतात, ते फक्त पॉलिशबद्दल बोलत असतात, आणि आपल्याला दगडाबद्दल जाणून घ्यायचंय.

इंग्लंडपुरतं एक फार कामाचं सूत्र सांगते. इंग्लंडमध्ये खरा मार्बल जवळपास निघतच नाही (स्कॉटलंडच्या आयोना बेटावर निघायचा, आयर्लंडमध्ये कॉनेमाराचा हिरवा आहे, पण ते वेगळे देश). म्हणून मध्ययुगातल्या इंग्लिश चर्चमध्ये, म्हणजे साधारण १५०० च्या आधीच्या कामात, कुणी ‘मार्बल’ म्हटलं की तो बहुतेक वेळा पॉलिश केलेला लाइमस्टोन असतो. आणि १६०० नंतरच्या भिंतीवरच्या स्मारकांमध्ये पांढराशुभ्र पुतळा असेल तर तो बहुतेक वेळा इटलीतल्या करारा गावाहून आलेला खरा मार्बल असतो. फक्त तारीख बघूनच निम्मं काम होतं. म्हणून आत शिरायच्या आधी तो भाग कधी बांधलाय ते वाचून घ्या.

काय न्यायचं बरोबर

सोनाराचं भिंग, १० पटीचं, स्वस्तात मिळतं. छोटा टॉर्च, पांढऱ्या उजेडाचा. वही. फोन तर असतोच. एवढंच.

आणि काय न्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबते. कुठल्याही शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की लाइमस्टोनवर ॲसिडचा थेंब टाकला की फेस येतो. खरं आहे. पण मार्बलवर टाकला तरी फेस येतो! दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. मग त्या टेस्टने तुम्हाला काय कळलं? काहीच नाही, आणि आठशे वर्षांच्या पॉलिशला कायमचा खड्डा पडला. चाकूने ओरखडा काढायची टेस्ट पण तशीच निरुपयोगी, दोन्हीचा कठीणपणा मोह्सच्या मापावर सुमारे ३, दोन्हींवर स्टीलचा ओरखडा उठतो. एका गावातल्या चर्चमध्ये मी बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर पांढरे ठिपके बघितलेत, कुणीतरी व्हिनेगर टाकून बघितलं असणार, अगदी कडप्प्यावरच्या लिंबासारखे डाग, आणि ते बघून मला खूप वाईट वाटलं कारण ते आता कुणालाच पुसता येणार नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये तर बहुतेक बदल करायचे असतील तर ‘फॅकल्टी’ नावाची रीतसर परवानगी काढावी लागते. आपण पाहुणे आहोत. डोळे, भिंग आणि उजेड, याच्या पलीकडे काहीही दगडाला लावायचं नाही. पाण्याने ओलं करून पण बघायचं नाही.

पहिली पायरी: आत नाही, आधी बाहेर स्मशानभूमीत

हे मी सगळ्यांना सांगते. चर्चच्या आवारात जी थडगी असतात ना, तिथे सगळ्यात छान शिकता येतं, कारण ऊन-पावसाने दगडाचा खरा स्वभाव बाहेर काढलेला असतो आणि तिथे हळूच हात लावून बघायला कुणाची हरकत नसते.

व्हिक्टोरियन काळातला एखादा पांढरा मार्बलचा दगड शोधा. त्याच्यावरून बोट फिरवा, साखर चोळल्यासारखी खरखर लागते. पावसाच्या पाण्यातला आम्ल भाग दाण्यांच्या मधल्या जागा पोखरतो आणि दाणे सुटे व्हायला लागतात, इंग्रजीत याला सरळ ‘शुगरिंग’च म्हणतात. अशा बऱ्याच दगडांवर शिशाची अक्षरं ठोकून बसवलेली असतात. बसवली तेव्हा ती दगडाच्या पातळीला होती, पण दगड झिजला आणि शिसं तसंच राहिलं, म्हणून आता अक्षरं उठून वर आलेली दिसतात. तेवढी उंची म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत गेलेला मार्बल.

आता युद्धात गेलेल्या सैनिकांचे एकसारखे पांढरे दगड बघा, वर गोलसर कमान असलेले, कॉमनवेल्थचे. ब्रिटनमध्ये त्यातले बरेचसे पोर्टलंड स्टोनचे आहेत, म्हणजे डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा लाइमस्टोन. यांच्यावर साखर सुटत नाही. उलट दगड झिजतो आणि त्यातले शिंपल्यांचे तुकडे उभे राहतात, कारण शिंपला त्याच्या आजूबाजूच्या मालापेक्षा हळू झिजतो. बोटाला मधूनच एखादी कड लागते. मार्बल झिजला की सुटे दाणे, लाइमस्टोन झिजला की शिंपले. हा फरक बोटांना एकदा कळला की आतलं काम सोपं होतं.

दुसरी पायरी: हा दगड या दोघांपैकी आहे तरी का?

नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त चुकतो. जुनं चर्च म्हणजे लाइमस्टोन असं धरून चालतात. डरहमचं कॅथेड्रल बघा, एवढं प्रचंड, आणि ते सँडस्टोनचं आहे, वालुकाश्म. भिंगाखाली सँडस्टोनचे दाणे वाळूचे दिसतात, काचेसारखे, आणि त्यात कुठे शिंपला नाही. यॉर्क मिन्स्टर मात्र लाइमस्टोनचंच, पण मॅग्नेशियमवाला, फिकट मलईसारखा. आणि व्हिक्टोरियन काळात पॉलिश ग्रॅनाइटचे खांब बसवायची आवड होती, ते ठिपकेदार असतात, गुलाबी-करडे-काळे दाणे वेगवेगळे दिसतात, ते एकदा बघितले की पुन्हा चूक होत नाही.

आपल्याकडे तर हे आणखीच लक्षात ठेवायला लागतं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं बॅसिलिका जांभ्याचं, वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चेस बघा, तिथे काळा पाषाण. आपला दख्खन सगळा लाव्ह्याचा, त्यामुळे आपली नजर बेसॉल्टवर तयार झालेली असते, आणि युरोपात आल्यावर ‘मऊ दिसणारा, मलईच्या रंगाचा दगड’ बघितला की आपल्याला तो काहीतरी खास वाटतो. तो तिकडचा साधा घरबांधणीचा दगड आहे.

तिसरी पायरी: दगड कुठे बसवलाय ते बघा

लांबूनच. भिंती, कमानी, छताच्या फासळ्या, म्हणजे जो मूळ सांगाडा आहे तो पॉलिश नसलेला, मलई ते करड्या रंगाचा असेल तर तो साधा बांधकामाचा लाइमस्टोन समजायचा, त्याला मार्बल कुणीही म्हणत नाही. सॉल्झबरीला तो जवळच्या चिलमार्क भागातला, कॅन्टरबरीला समुद्रापलीकडून नॉर्मंडीच्या काँ गावाहून आणलेला, लंडनच्या सेंट पॉल्सला पोर्टलंड. गोंधळ फक्त चकचकीत किंवा गडद भागांचा असतो: मोठ्या खांबाला चिकटून उभे असलेले बारीक खांब, बाप्तिस्म्याचं कुंड, थडगी, जमिनीतल्या काळ्या लाद्या, पुलपिट (प्रवचनाचा उंच ओटा), आल्टरच्या म्हणजे वेदीच्या पायऱ्या. आपलं काम तिथेच.

चौथी पायरी: टॉर्च तिरका धरा आणि जीव शोधा

हा या सगळ्याचा गाभा आहे. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर. समोरून मारला की पॉलिशचा चकाका डोळ्यात येतो आणि काहीच दिसत नाही. तिरका धरला की आतलं सगळं चित्र उठून येतं. मग भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि आपणच दगडाच्या जवळ सरकायचं, भिंग दगडाजवळ धरून लांबून बघायचं नाही, तसं काही दिसत नाही.

आता काय शोधायचं? कधीतरी जिवंत असलेलं काहीही. एक जरी स्पष्ट शंख, शिंपला, कोरल दिसलं तरी तो लाइमस्टोन, कारण खऱ्या मार्बलमध्ये हे सगळं पुसलं गेलेलं असतं. कुणी काहीही नाव देवो.

पर्बेक मार्बल डॉर्सेटच्या पर्बेक भागातला, साधारण १४ कोटी वर्षांपूर्वीचा, गोड्या पाण्यातल्या व्हिव्हिपॅरस नावाच्या गोगलगाईंच्या शंखांनी गच्च भरलेला. करडा, निळसर, कधी हिरवट, कधी तपकिरी. शंख छोटे, तुरीच्या डाळीपासून करंगळीच्या नखाएवढे, आडवे कापले गेले की चकलीसारखे आणि उभे कापले गेले की छोट्या गोल खोल्यांची माळ लावल्यासारखे दिसतात. असाच दगड पण शंख मोठे, तर तो ससेक्स मार्बल असायची शक्यता. पर्बेकची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा थर जमिनीत फार जाड नसतो, मग आठ-दहा फुटांचा खांब कसा काढायचा, तर थराच्या लांबीतून कापून उभा करायचा. त्यामुळे खांबात थराच्या रेषा उभ्या येतात, आणि दगडाला अशी उभी थरं आवडत नाहीत, मग पापुद्रे सुटायला लागतात. खांबाला उभ्या भेगा आणि पापुद्रे दिसले तर पर्बेकचा संशय बळकट करायचा. वेस्टमिन्स्टर ॲबी, लिंकन, एक्झेटर, एली, सगळीकडे हा दगड आहे. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झोपलेल्या सरदारांचे पुतळे पर्बेकचेच, १९४१ च्या बाँबहल्ल्यात लागलेल्या आगीने तिथले पर्बेकचे खांब असे तडकले की नंतर ते नवीन बसवावे लागले.

सॉल्झबरीला गेलात तर मधल्या चार मोठ्या खांबांपाशी उभं राहून वर नजर न्या, १२३ मीटर उंचीच्या मनोऱ्याचं वजन घेऊन ते डोळ्याला दिसतील एवढे वाकलेत. खांब तेराव्या शतकातले, आणि तो भार घेणाऱ्यांत शंखांनी भरलेला हा दगड पण आहे. मला दर वेळी तिथे दोन मिनिटं काही बोलवत नाही.

फ्रॉस्टर्ली मार्बल उत्तरेचा, डरहमजवळच्या वीअरडेलचा. काळा, ३० कोटी वर्षांहून जुना, आणि त्यात पांढरी कोरल्स. एकेकटी वाढणारी, शिंगाच्या आकाराची कोरल्स होती ती, आडवी कापली की अगदी लिंबाच्या चकतीसारखी दिसतात, मधून निघालेल्या रेघांसकट. डरहमच्या कॅथेड्रलमध्ये पूर्व टोकाला नऊ आल्टर्सचं चॅपल आहे, तिथल्या बारीक खांबांवर ती बघा, भिंगसुद्धा लागत नाही. ओळखायला सगळ्यात सोपा दगड. लहान मुलं बरोबर असतील तर इथेच न्या.

आणि ऊलाइट. बाथ स्टोन, पोर्टलंड, लिंकनशरचा दगड. यात शंख नसले तरी भिंगाखाली बारीक गोल गोल मणी दिसतात, चिकटून बसलेले, थेट माशाच्या गाबोळीसारखे. नावाचा अर्थच अंड्यांचा दगड. उथळ, कोमट समुद्रात शिंपल्याचा कण घरंगळत राहिला आणि त्याच्यावर चुन्याची पुटं चढत गेली की हे मणी तयार होतात. गाबोळी दिसली की तोही लाइमस्टोन, शंका नको.

पाचवी पायरी: जीव सापडला नाही तर?

इथे घाई करू नका. शंख दिसला नाही म्हणजे मार्बल असं नसतं. आपला कडप्पाच बघा, पूर्ण लाइमस्टोन, पण इतका जुना की त्या काळी शंख-शिंपलेवाले प्राणीच नव्हते, त्यामुळे कितीही भिंग लावा, शंख मिळणार नाही. युरोपात पण काही काळे लाइमस्टोन इतके बारीक चिखलाचे असतात की डोळ्याला नुसता काळा गुळगुळीत पत्रा दिसतो. बेल्जियममधल्या तुर्नेचा काळा ‘मार्बल’ घ्या, १२ व्या शतकात तिथे कोरलेली कुंडं बोटीने इंग्लंडला आली, विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये संत निकोलसच्या गोष्टी कोरलेलं कुंड आहे ते त्यातलंच, लिंकनला पण एक आहे. दगड लाइमस्टोनच, पण बघणारा चटकन मार्बल म्हणून मोकळा होतो.

मग खरा मार्बल कसा पकडायचा? त्याचे दाणे शोधा. पॉलिश गेलेली एखादी जागा, तुटलेली कड, पुतळ्याच्या मागची न घासलेली बाजू. टॉर्च हळूहळू हलवा. खऱ्या मार्बलमध्ये चिमुकल्या सपाट आरशांसारखे ठिपके चमकून विझतात, सगळीकडे सारखे, एकाच आकाराचे. कराराचा दाणा बारीक, मकरान्याचा जरा मोठा. मध्ये कुठे चिखलासारखा भाग नाही, मणी नाही, कवच नाही, नुसती साखर.

दुसरी खूण उजेडाची. पांढऱ्या मार्बलमध्ये उजेड थोडा आत शिरतो. पुतळ्याचं बोट, कान, कपड्याची पातळ चुणी, अशा जागी टॉर्च मागून धरा, न टेकवता, कड मंद उजळते. लाइमस्टोन सहसा असा उजळत नाही, खडूसारखा बंद राहतो.

आता एक फसवणारी गोष्ट, मला स्वतःला हे समजायला वेळ लागला. काही लाइमस्टोनमध्ये पण भरपूर चमक असते! क्रिनॉइड नावाचे समुद्रातले प्राणी असतात, फुलासारखे दिसणारे, त्यांच्या देठाच्या चकत्या दगडात साचतात, आणि प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा एकच अखंड स्फटिक, म्हणून तुटली की लखकन चमकते. डर्बीशरचा हॉप्टन वुड स्टोन असाच, फिकट, सुंदर पॉलिश घेणारा, आणि तोही मार्बल म्हणून चालायचा. फरक असा की त्यात चमक तुकड्यातुकड्यांनी येते, मोठा चमकदार ठिपका, मग निस्तेज जागा, मग परत ठिपका, आणि नीट बघितलं की ठिपके गोल किंवा बटणासारखे, कधी मध्ये छिद्र असलेले. मार्बलची चमक मात्र सगळीकडे एकसारखी पसरलेली.

शिरांवर जाऊ नका. पांढऱ्या शिरा असल्या की लोक लगेच मार्बल म्हणतात, पण शिरा म्हणजे भेगेत नंतर भरलेला कॅल्साइट, त्या दोन्हीत येतात. काळ्या दगडात पांढऱ्या शिरा असतील तर उलट तो बऱ्याचदा लाइमस्टोनच निघतो. दुसरी एक रेघ मात्र कामाची आहे: बारीक, काळपट, दातेरी, ईसीजीच्या कागदावरच्या रेघेसारखी वरखाली जाणारी. तिला स्टायलोलाइट म्हणतात, दाबाखाली दगड विरघळून दोन बाजू एकमेकांत रुतल्याची खूण. अशा स्वच्छ दातेरी रेघा दिसल्या तर पारडं लाइमस्टोनकडे झुकवा.

सहावी पायरी: तिसराच कोणी आहे का?

थडग्यांमध्ये हे सतत होतं. इंग्लंडमधले १४ व्या ते १६ व्या शतकातले पांढरे, मऊ झळाळीचे झोपलेले पुतळे बहुतेक वेळा मार्बलही नसतात आणि लाइमस्टोनही नसतात, ते अलाबास्टर असतात, म्हणजे जिप्सम. डर्बीशर-नॉटिंगहॅमकडे निघायचा. रंग दुधाळ, त्यात तांबूस-तपकिरी ओघळ, चहा सांडल्यासारखे. हा इतका मऊ की नखाने ओरखडा निघतो, आणि तुम्ही ओरखडा काढायची गरजच नाही, मागच्या चारशे वर्षांतल्या लोकांनी आपापली नावं कोरून ठेवलेली असतात. पुतळ्याच्या छातीवर, गालावर बारीक खरडलेली अक्षरं दिसली तर आधी अलाबास्टरचा विचार करा. हातालाही तो मार्बलएवढा गार लागत नाही, पण हात न लावलेलाच बरा.

मग स्कालिओला, म्हणजे जिप्समचं प्लास्टर, सरस आणि रंग कालवून केलेला नकली मार्बल, आणि नुसत्या लाकडावर रंगवलेला मार्बल पण असतो. कोपऱ्यावर बघा: खऱ्या दगडात शीर एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळून पुढे जाते, रंगवलेल्यात कोपऱ्यावर येऊन संपते किंवा भलतीकडेच निघते.

जुन्या दुरुस्त्या पण फसवतात. १९ व्या शतकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने वेस्टमिन्स्टर ॲबीत सुटत चाललेल्या दगडावर लाखेचं द्रावण मारलं होतं, म्हणजे जी चमक दिसते ती दगडाचीच असेल असं नाही. चमकेवर कधीच निकाल देऊ नका.

सरावाला कुठे जायचं

एकच जागा सांगायची झाली तर ग्लॉस्टर कॅथेड्रल. तिथे दुसऱ्या एडवर्ड राजाचं थडगं आहे, तो १३२७ मध्ये गेला. पुतळा अलाबास्टरचा, खालची पेटी पर्बेकने मढवलेली, आणि वरची जाळीदार छत्री कॉट्सवोल्डकडच्या ऊलाइटची. एका थडग्यात तीन दगड, आणि त्यात खरा मार्बल एकही नाही! समोर उभं राहून तिन्ही वेगळे ओळखता आले की तुमचा पाया पक्का झाला असं मी म्हणेन.

लंडनला असाल तर सेंट पॉल्समध्ये कवी जॉन डन याचा उभा पुतळा बघा, निकोलस स्टोनने कोरलेला, पांढरा मार्बल, १६६६ च्या आगीतून वाचलेला, खालच्या कलशावर जळल्याच्या खुणा अजून आहेत. आणि त्याच्या सभोवती सगळी इमारत पोर्टलंड लाइमस्टोनची. मार्बल आणि लाइमस्टोन एकाच नजरेत. वेस्टमिन्स्टर ॲबीत मुख्य आल्टरपुढची १२६८ सालची कॉस्माटी फरशी आहे, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे जडवलेली, इटालियन पद्धतीची, पण इटलीत जिथे पांढरा मार्बल घालतात तिथे इथे आजूबाजूला पर्बेक घातलाय. कारागीर परदेशी, दगड घरचा.

मुंबईत राहणाऱ्यांना पण सराव करता येतो. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं, १७१८ मध्ये उघडलं, आत भिंतींवर कंपनीच्या काळातल्या माणसांची पांढऱ्या मार्बलची स्मारकं ओळीने आहेत. कपड्यांच्या चुण्या, बोटं, कान, उजेडाची टेस्ट तिथे छान जमते. आणि बाहेर पडून फोर्टमधल्या व्हिक्टोरियन इमारतींवरची मलईच्या रंगाची नक्षी बघा, त्यातली बरीचशी पोरबंदरच्या दगडातली आहे, म्हणजे जहाजाने आणलेला लाइमस्टोन. भिंग लावून बारीक गोलसर कण दिसतात का ते बघा. जुन्या गोव्याला बॉम जेझूमध्ये सेंट झेवियरच्या पेटीखालचा चबुतरा फ्लॉरेन्सहून आला, टस्कनीचा राजा (ग्रँड ड्यूक) तिसरा कोझिमो याने पाठवलेला, फोजिनी या शिल्पकाराचं काम, १६९८ मध्ये बसवलेलं, मार्बल आणि जॅस्पर नावाचा रंगीत दगड. तो मात्र लांबूनच बघायला मिळतो, भिंगाचा उपयोग नाही, पण रंगीत दगड आणि पांढरा दगड वेगळे काढायचा प्रयत्न करा.

वहीत काय लिहायचं

‘मार्बल’ किंवा ‘लाइमस्टोन’ एवढंच लिहून सोडू नका. आधी जे दिसलं ते लिहा, मग अंदाज. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “बारीक खांब, करडा-हिरवट, पॉलिश अर्धं गेलेलं, शंख ५ ते ८ मिमी, उभ्या भेगा. लाइमस्टोन नक्की. पर्बेक बहुतेक.” नक्की काय आणि बहुतेक काय हे वेगळं ठेवलं की पुढच्या वेळी चूक सुधारता येते. फोटो काढताना शेजारी नाणं हातात धरा, दगडावर ठेवू नका, म्हणजे आकार कळतो.

शक्य असेल तर आत शिरल्याशिरल्या तिथल्या व्हर्जरला किंवा वॉर्डनला (चर्चची देखभाल बघणाऱ्यांना) सांगा की मी दगड बघायला आलेय, टॉर्च वापरला तर चालेल का. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट दोन-तीन वेळा तर त्यांनीच दोरी बाजूला करून मागची न घासलेली बाजू दाखवली, आणि तिथेच दाणा सगळ्यात स्वच्छ दिसला. प्रार्थना चालू असेल तेव्हा मात्र टॉर्च बंद. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला जा, दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन तिरकं आत येतं आणि टॉर्चचं निम्मं काम तेच करतं.